ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

गोव्यातल्या कुठल्याही सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला विचारा, तो हा रुग्ण डोळे मिटून ओळखेल. वय तीस-पस्तीस, हात छातीवर, कपाळावर घाम, बोटांना मुंग्या, घशाला कोरड. सोबत घरचं कुणीतरी, शिवाय शेजारचे दोघे, कारण गाडी त्यांची. ‘काळीज धडधडटा, श्वास घेवंक जायना’, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो. ईसीजी काढतात. नॉर्मल. रक्तदाब थोडा चढलेला, पण त्या अवस्थेत कुणाचाही चढेल. एक इंजेक्शन, ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असा दिलासा, आणि पहाटे माणूस घरी. महिन्याभराने तोच माणूस, तीच तक्रार. मग खासगी हृदयरोगतज्ज्ञ, टूडी इको, ट्रेडमिल. कुणी सांगतं गॅसेस असतील, म्हणून एंडोस्कोपी. मग थायरॉइड. वर्षभरात फाइल जाडजूड होते आणि तिच्यातल्या एकाही कागदावर रोगाचं नाव नसतं.

माझं म्हणणं असं की, या माणसाला आपली आरोग्य व्यवस्था सगळं देते, फक्त उपचार देत नाही. चिंताविकार हा ओळखता येणारा आणि बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात येणारा आजार आहे. त्यावरचा पहिला उपचार मनोरुग्णालयापर्यंत न जाता गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळायला हवा. आणि तो तिथे देता येतो हे दुसऱ्या कुणी नव्हे, गोव्यानेच दाखवून दिलं आहे. दाखवून झाल्यावर आपण ते बासनात बांधून ठेवलं, ही माझी तक्रार.

आधी त्या रात्रीचं पाहू. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक लहानसा भाग असतो, धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं काम. घरच्या राखणीच्या कुत्र्यासारखा तो असतो. चोर आला की भुंकतो, आणि भुंकायलाच हवं. पण काही कुत्रे माडाचं चुडत पडलं तरी सगळा वाडा जागा करतात. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. एकदा इशारा गेला की अॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भरभर चालतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, हा हार्ट अटॅकच. त्या विचाराने भीती आणखी वाढते, श्वास आणखी वाढतो. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि नंतर आपोआप उतरू लागतो. म्हणजे शेजाऱ्याची गाडी इस्पितळात पोचेपर्यंत तो उतरणीला लागलेला असतो. श्रेय मात्र इंजेक्शन घेऊन जातं, कधी अंगारा, कधी लिंबू-सोडा.

हा झाला पॅनिकचा प्रकार. सहा-सहा महिने रोज, कारण असो-नसो, मुलांपासून गॅस सिलिंडरपर्यंत प्रत्येक गोष्टीची काळजी करत राहणं हा दुसरा. चारचौघांत बोलायची, जेवायची, सही करायची भीती हा तिसरा. त्या माणसांना आपण ‘लाजाळू’ म्हणून आयुष्यभर माफ करतो आणि त्यांची नोकरी, बढती, लग्न हातचं जाताना बघत बसतो.

कारण एकच असतं असं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ५० टक्के धरला जातो. म्हणजे आईचा स्वभाव ‘घाबरट’ होता हे घरच्यांचं निरीक्षण अगदीच निराधार नसतं, पण ते पुरेसंही नसतं. लहानपणची मारझोड किंवा आई-वडिलांपैकी कुणाचं अकाली जाणं, थायरॉइडचा दोष, दिवसाला आठ-दहा कप चहा, दारू, कर्ज, सततची असुरक्षितता हे सगळं त्यात मिसळतं. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट दिसतं. पण आजार सुरू कशामुळे झाला यापेक्षा तो चालू कशामुळे राहतो हा प्रश्न उपचारासाठी जास्त कामाचा, आणि त्याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. टाळण्यामुळे.

डिचोली तालुक्यातल्या एका बाईंचं सांगतो. पहिला झटका आला तो कदंबच्या खचाखच भरलेल्या बसमध्ये, मांडवी पुलावर गाड्या अडकलेल्या असताना. त्यानंतर त्यांनी पणजीची बस सोडली. नवरा स्कूटरवरून सोडू लागला. मग पूल नको, मग पणजीच नको. पुढे शुक्रवारचा म्हापशाचा बाजार सुटला, कारण गर्दीतून पटकन बाहेर पडता येत नाही. भाचीच्या लग्नाला गेल्या, पण हॉलच्या अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पर्समध्ये पाण्याची बाटली, पेपरमिंटच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेली अर्धी झोपेची गोळी. ती गोळी त्या घेत नाहीत, ती जवळ असावी लागते. घरातले सगळे प्रेमाने मदत करतात. थोरला मुलगा सामान आणतो, सून बँकेत जाते. आणि या मदतीतून त्यांचं जग एकेक खोली कमी होत चाललंय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. टाळलं की लगेच बरं वाटतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की, तिथे खरंच धोका होता आणि टाळलं म्हणून वाचलो.

आता देवाधर्माचं. गोव्यात जीव घाबरायला लागला की दिश्ट काढतात, घाड्याला म्हणजे गावच्या मांत्रिकाला विचारतात, देवळात कौल लावतात. मी याची थट्टा करणार नाही. मूर्तीवर लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली आणि मनावरचं ओझं उतरलं, ही गोष्ट खोटी नसते. शिवाय देवळातला भट माणसाचं म्हणणं ऐकून तरी घेतो. पण चिंताविकाराची खोड अशी की त्याला दिलासा पुरत नाही. आज कौल मिळाला तर परवा पुन्हा शंका, पुन्हा कौल. आणि आधुनिक माणसाने यावर हसू नये. पाचवा ईसीजी काढणारा आणि पाचवा कौल लावणारा हे दोघे एकच गोष्ट करत असतात. दिलासा मागण्याची सवय हीच त्या आजाराचा खुराक होऊन बसते. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून सांगतो तेव्हा तो उपचार करत नसतो, पुढच्या फेरीची तारीख देत असतो.

मग उपचार काय? इथे मला आबे फारियाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्याचा पुतळा आहे, समोर पडलेल्या स्त्रीवर हात पसरून उभा. पर्यटक फोटो काढतात, आपण बघतही नाही. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला गेला आणि संमोहनाचं सामर्थ्य संमोहन करणाऱ्याच्या अंगात नसतं, ते ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असतं, असं त्याने ठासून सांगितलं. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचंच नाव होतं. त्याच्याविषयीची आख्यायिका गोव्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि शब्दच फुटेना. खाली बसलेला बाप कोकणीतून पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ पोराची भीती गेली आणि तो धडाधड बोलला.

ही गोष्ट आपण बापाच्या हुशारीची म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. बापाने पोराला खाली उतरवलं नाही. ‘तुला बरं नाही, चल घरी’ असं म्हटलं नाही, आणि ‘घाबरण्यासारखं काही नाही’ असंही नाही. समोरच्या माणसांकडे बघायची दुसरी तऱ्हा दिली आणि जिथे भीती वाटली तिथेच उभं ठेवलं. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणून जी समुपदेशनाची पद्धत आज चिंताविकारावर सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे, तिचा गाभा थोडक्यात हाच. विचार तपासायचा, आणि टाळलेल्या जागी पायरी-पायरीने परत जायचं. वरच्या बाईंच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात एकच स्टॉप बसने, सोबत मुलगा. मग दोन स्टॉप, मुलगा मागच्या सीटवर. मग एकटी. धडधड होणारच. ती उतरेपर्यंत बसमधून उतरायचं नाही, इतकीच अट. यात चमत्कार नाही, आणि एका वाक्याने बाई बऱ्या होतील असंही नाही, आख्यायिकेत ते चालतं. इथे आठवडे लागतात आणि कुणीतरी दर आठवड्याला विचारणारं लागतं.

औषधांबद्दल आपल्याकडे उलटा कारभार आहे. ज्या गोळ्या घ्यायला हव्यात त्यांना लोक भितात आणि ज्यांना भ्यायला हवं त्या पर्समध्ये असतात. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या जातीची औषधं चिंताविकारात पहिली पसंती मानली जातात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस पाचव्या दिवशी गोळी फेकून देतो आणि ‘मला ती सोसली नाही’ असं सगळ्यांना सांगत सुटतो. त्यांची चटक लागत नाही. मात्र बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायच्या असतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू. याउलट अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी. अर्ध्या तासात शांत वाटतं, आणि तीच तिची अडचण. काही आठवड्यांत शरीर सरावतं, डोस वाढतो, अचानक सोडली तर पूर्वीपेक्षा जास्त घाबरं होतं. तिचा उपयोग मोजक्या दिवसांसाठी, निकडीला. २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विकली तर डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. कायदा उत्तम आहे. आता संध्याकाळी एखाद्या बाजारातल्या फार्मसीच्या काउंटरला दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी हळू आवाजात ‘ती झोपेची’ म्हणतं, पलीकडे कात्री निघते, पट्टीतल्या चार गोळ्या कापल्या जातात, पुडी मुठीत जाते. वही उघडलेली तुम्हाला दर वेळी दिसेलच असं नाही.

पुरुषांची गोळी वेगळी. जिवाला स्वस्थ वाटत नाही म्हणून संध्याकाळी दोन पेग. दारूने मज्जासंस्था काही तास मंदावते, पहाटे तिचा अंमल उतरला की ती दुप्पट खवळते. चार वाजता धडधडत जाग येते आणि त्यावर पुन्हा दारूच लागू पडते असं वाटतं. आपल्याकडे बाप्याला चिंताविकार होतो हे मान्यच नाही, दारू मात्र मान्य आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, २००७ ते २००९ या काळात ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. गोव्यातली बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी नेहमीसारखे उपचार, निम्म्या ठिकाणी एक जादा माणूस, समुपदेशक. ही कुणी मानसशास्त्राची एमए झालेली तज्ज्ञ नव्हती. आसपासच्या गावातली पदवीधर बाई, आरोग्य क्षेत्राचा अनुभव नसलेली, दोन महिने प्रशिक्षण दिलेली. ओपीडीत येणाऱ्याला बारा प्रश्न विचारून चाचपायचं, नैराश्य किंवा चिंतेचा आजार वाटला तर शरीरात काय घडतंय ते समजावून सांगायचं, श्वासाचा व्यायाम शिकवायचा, गरज असेल तर पुढचं समुपदेशन करायचं. औषध लागलं तर केंद्रातला डॉक्टर देणार, अडलं तर मानसोपचारतज्ज्ञ मार्ग दाखवणार. जवळपास २,८०० रुग्ण यात होते. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी, समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले होते, नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांचा आकडा मला याहून बोलका वाटतो. तिथे समुपदेशक असो वा नसो, सुमारे ६५ टक्के बरे झाले. फरकच नाही. माझा अर्थ असा, की गावचा खासगी डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याची सून कुठली, मुलगा गल्फला कधी गेला हे त्याला माहीत असतं. तो पाच मिनिटं जास्त बोलतो. सरकारी ओपीडीत शंभरावा नंबर चालू असलेल्या डॉक्टरकडे ती पाच मिनिटं नसतात, आणि समुपदेशकाने तीच भरून काढली. म्हणजे सरकारी केंद्रात जाणाऱ्या गरिबाला कमी पडत होतं ते ज्ञान नव्हतं, औषधही नव्हतं. ‘अर्धशिक्षित लोकांच्या हाती मन कसं द्यायचं’ असा नाकं मुरडणारा आक्षेप तज्ज्ञांकडून अजून ऐकू येतो. त्यांनी पर्याय सांगावा. प्रत्येक आरोग्य केंद्राला पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ देशातच नाहीत.

याच संस्थेने हळदोणे आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात बायकांचा एक अभ्यास केला होता. अंगावरून पांढरं जातंय, ही बायकांची सर्रास तक्रार. तिच्यावर वर्षानुवर्षं जंतुसंसर्ग समजून औषधं दिली गेली. अभ्यासात दिसलं की या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त आहे, आणि मनाच्या त्रासाचा संबंध नवऱ्याच्या मारहाणीशी, घरातल्या ओढाताणीशी. बाई ‘मला भीती वाटते’ असं सांगायला आरोग्य केंद्रात येत नाही. ती कंबर, डोकं, पांढरं जाणं यापैकी काहीतरी घेऊन येते, कारण त्याचीच चिठ्ठी निघते. समोर बसून विचारणारं माणूस नसेल तर तिला अँटिबायोटिक मिळणार आणि मारहाण चालू राहणार.

इथे एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा. सत्तरी, डिचोली, सांगेतल्या ट्रकवाल्याला हप्ता भरता येत नव्हता तेव्हा त्याची झोप उडाली, तो काय आजार होता? त्याला गोळी देणं म्हणजे सरकारने स्वतःची जबाबदारी त्याच्या मेंदूवर ढकलणं नाही का? बरोबर आहे. हप्त्याची भीती हा विकार नव्हे, आणि समुपदेशक काही कर्ज फेडत नाही. पण मी असेही लोक पाहिलेत की कर्ज मिटलं, ट्रक विकला, पोराला नोकरी लागली आणि तरी बँकेच्या रस्त्याने जाता येत नाही, फोन वाजला की हात थरथरतो. परिस्थितीने लावलेली आग परिस्थिती सुधारल्यावर आपोआप विझतेच असं नाही. धोरण बदलायला भांडावंच लागेल, पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत माणसाला बिनउपचाराचं ठेवावं हे मला पटत नाही.

कागदावर आपल्याकडे बरंच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना शारीरिक आजाराइतकंच संरक्षण मानसिक आजारालाही द्यायला सांगतो. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, फुकट आहे. ज्याला रात्री-अपरात्री जगणं नको वाटू लागतं त्याने तो लावायलाच हवा. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, गुंतागुंतीचा रुग्ण तिथेच गेला पाहिजे. पण शेजारच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, फाटकातून आत जाणारा शेजाऱ्याला बिनदिक्कत सांगतो, पलीकडच्या फाटकातून जाणारा सांगत नाही. आरोग्य केंद्रात मात्र प्रत्येक जण जातो, बीपीला, डायबेटिसला, पोराच्या लसीला. तिथे गेलेल्याकडे कुणी वळून बघत नाही.

म्हणून मागणी तिथलीच आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक समुपदेशक, कोकणी-मराठी बोलणारी, शक्यतो त्याच तालुक्यातली. दोनदा ईसीजी नॉर्मल आला की तिसरा काढण्याआधी रुग्ण तिच्याकडे पाठवायचा, हा लेखी नियम. तिची खोली बीपी तपासण्याच्या खोलीला लागून, दारावर ‘मानसिक’ असा फलक न लावता. आणि नेमणूक कायमची. कंत्राटी नको, एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातली नको. प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतात, कंत्राट अकरा महिन्यांनी. ज्या बाईने चौथ्या भेटीत तोंड उघडलं, तिने पाचव्या भेटीला नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं ही अपेक्षा करता येत नाही. तिथून ती उठते ती थेट फार्मसीच्या काउंटरवर जाते.